आमच्या तोंडचे शब्द, कुणाच्या कपाटात?

तुमसरहून कटंगीला येणाऱ्या बसमध्ये तिन्ही भाषा एका बाकावर बसून प्रवास करतात. कंडक्टर तिकीट मराठीत फाडतो, सुट्ट्या पैशांवरून भांडण जुंपते ते हिंदीत, आणि मागच्या बाकावरच्या दोन आयाबाया ज्या बोलीत सुखदुःख सांगतात तिला मराठीचे मास्तर मराठी म्हणायला तयार नसतात, हिंदीचे गुरुजी हिंदी म्हणायला. तिथे पाण्याचे 'पानी' होते आणि डोळ्याचा 'डोरा'. शाळेच्या दाखल्यावर या बायांची मातृभाषा हिंदी लिहिलेली असते. घरातली म्हातारी माणसे मात्र अजून 'मऱ्हेटी' म्हणतात.

हे 'मऱ्हेटी' नाव काही कटंगीच्या म्हाताऱ्यांनी परवा काढलेले नाही. जॉर्ज ग्रिअर्सन या साहेबाने हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तिचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली छापला गेला. त्यात बालाघाटच्या मराठीची नोंद याच नावाने आहे. पोवारी मात्र त्याने आदल्या वर्षीच्या सहाव्या खंडात, पूर्व हिंदीच्या पदरात टाकली. कटंगीच्या एकाच गल्लीत राहणारी दोन घरे अशी दोन वेगवेगळ्या ग्रंथांत गेली. बरोबर की चूक हा वाद पंडितांनी घालावा. आमचा प्रश्न निराळा आहे. बोलणारे आमचे आजे-पणजे होते आणि ग्रंथही त्यांच्याच बोलण्याचा झाला, पण तो आमच्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला?

गेल्या वर्षी तालुक्यातील एक मुलगी आमच्या कचेरीत आली. एम.ए. करते, घरी धानाची शेती. आपल्या आजीच्या बोलीवर लघुप्रबंध लिहायचा तिने ठरवले होते. संगणकावर शोधता शोधता तिला मध्यप्रांतातील मराठी बोलींवरचा एक शोधनिबंध सापडला, एका परदेशी नियतकालिकातला. पहिले पान दिसले. पुढे पाटी : वाचायचे असेल तर पस्तीस डॉलर भरा. म्हणजे तीन हजार रुपये. सरकारी हमीभावाने हिशेब केला तर सव्वा क्विंटल धान. बापाला सव्वा क्विंटल धान विकायला लावून आजी कशी बोलते हे वाचायचे, असा तो सौदा होता. तिने तो केला नाही. आम्हीही तिला करू दिला नसता.

हा बाजार कसा चालतो ते आमच्या वाचकांना सांगायला हवे, कारण तो आपल्या कोणत्याच बाजारासारखा नाही. शेतकरी धान पिकवतो, दलाल खाली-वर करतो, पण शेतकऱ्याच्या हातात चार पैसे तरी पडतात. शोधनिबंधाच्या बाजारात लिहिणाऱ्याला दमडी मिळत नाही. निबंध खरा की खोटा हे तपासणारे दुसरे विद्वान तेही फुकट तपासतात. त्या दोघांचा पगार बहुतेक वेळा सरकारच देते, म्हणजे आपण. मग लेखक आपला हक्क प्रकाशकाला लिहून देतो आणि प्रकाशक तोच निबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून विकतो. पीक आपले, मळणी आपली, आणि कोठारात शिरायलाही तिकीट आपणच काढायचे.

याविरुद्ध जगात ओरड झाली नाही असे नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून काही विद्वानांनी जाहीरनामा काढला की संशोधन ज्याला वाचायचे त्याला मोफत वाचता आले पाहिजे. अमेरिकेत आरन स्वार्ट्झ नावाच्या तरुणाने 'जेस्टोर' या संग्रहातले लक्षावधी निबंध उतरवून घेतले. २०११ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. दिल्लीत विद्यापीठाच्या आवारातल्या एका साध्या झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली पाने एकत्र बांधून देतो, हा त्याचा गुन्हा. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो दावा फेटाळला, शिक्षणासाठी अशी नक्कल करणे कायद्यात बसते असे सांगितले, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनीच माघार घेतली. कटंगीच्या बसस्टँडजवळ झेरॉक्स काढणाऱ्या पोरांना हे ठाऊक नसेल, पण त्यांच्या धंद्याची केवढी मोठी लढाई लढली गेली!

आता सरकारनेही एक पाऊल टाकले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' अशी योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. सरकारी महाविद्यालयात नाव असलेल्या मुलाला ती मोफत वाचता यावीत अशी सोय. चांगलेच आहे, आम्ही नाके मुरडणार नाही. पण एम.ए. संपले, ओळखपत्र परत दिले, की दार पुन्हा बंद. गावातला निवृत्त मास्तर, बोलीत कविता लिहिणारा शेतकरी, खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणारी बाई, या कुणाचे नाव त्या यादीत नाही. आणि सहा हजार कोटी गेले ते कोठाराच्या मालकालाच. कुलूप तसेच आहे, फक्त काही जणांना किल्ली मिळाली.

मराठीचा स्वतःचा इतिहास या बाबतीत उजळ आहे, आणि त्यात आमच्या भागाचा वाटा आहे हे पुण्या-मुंबईकडे फारसे सांगितले जात नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ चा, आणि तो झाला रायपूरला. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेल्या या माणसाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढली ती नागपूरला. इंग्रजीतले ज्ञान इंग्रजी येणाऱ्यांच्या कपाटात अडकून पडू नये म्हणून तेवीस खंड मराठीत उभे केले, गावोगाव वर्गणीदार गोळा करून. पुढे ते खंड यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संगणकावर आणले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला. आज विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर एक पैसा न देता वाचता येतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तके, बालभारतीची शालेय पुस्तकेही तशीच. मध्यप्रदेशातल्या मुलाला बालभारतीचे पुस्तक दुकानात मिळत नाही म्हणून जे पालक आमच्याकडे तक्रार करतात, त्यांनी एकदा मोबाईलवर शोधून पाहावे.

गंमत अशी, की मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येईल अशा रूपात आम्हाला सापडला तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयात. ग्रिअर्सनचे खंडही तिथेच आहेत, सर्वांना मोफत. आमच्या जिल्ह्याचे १९०७ चे गॅझेटियर आणि मध्यप्रांतातील जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये लिहिलेले चार खंड, यांचेही हक्क केव्हाच संपले आहेत. साहेब गेला, हक्काची मुदत संपली, आणि शंभर वर्षांपूर्वीचे आम्ही मोफत वाचू लागलो. कालपरवाचे मात्र विकत घ्यायचे! सव्वाशे वर्षांपूर्वी आपला पणजोबा कसा बोलत होता ते कटंगीत बसून वाचता येते आणि आज आपला शेजारी कसा बोलतो ते वाचायला तीन हजार रुपये पडतात, हे उलटे गणित कुणाच्या ध्यानात कसे येत नाही?

सरकारी विद्यापीठांतल्या प्रबंधांचे काय, असे कुणी विचारील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियम केला की पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात जमा व्हावेत. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राने त्यासाठी 'शोधगंगा' नावाचे भांडार उघडले. त्यात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, कुणालाही खुले. आम्ही त्या मुलीसोबत बसून तिथे शोधले. 'झाडीबोली' असा शब्द घातला, आणि अपेक्षेपेक्षा फारच थोडे हाती आले. कारण उमगायला वेळ लागला. युनिकोड येण्याआधी, आणि आल्यावरही बरीच वर्षे, मराठी प्रबंध जुन्या टंकांत टाइप केले जात. कागदावर ते सुरेख मराठी दिसते, पण संगणकाला ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते. दुसरे कित्येक प्रबंध पानांचे फोटो काढून चढवलेले आहेत. ते उघडतात, पण त्यातला शब्द सापडत नाही. म्हणजे दार सताड उघडे आणि आत अंधार. नाव आणि विषय आधीच ठाऊक असेल त्याला मिळते, शोधत येणाऱ्याला मिळत नाही. नियमाच्या आधीचे प्रबंध तर बहुतेक कपाटातच. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. १ नोव्हेंबर १९५६ ला बालाघाट मध्यप्रदेशात आणि भंडारा मुंबई राज्यात गेला तोवर आमची पोरे शिकायला नागपूरलाच जात, आणि आमच्या भागाविषयी जे जुने लिहिले गेले त्यातले बरेचसे तिकडेच असणार. ती पाने वाचता येतील अशा युनिकोडमध्ये आणणे हे काही चंद्रावर जाण्याइतके खर्चाचे काम नव्हे.

सीमेची आणखी एक गोष्ट बोलल्याखेरीज राहवत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण केले. गावोगाव जाऊन माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि ते संकेतस्थळावर सर्वांना मोफत ऐकायला ठेवले. संशोधन कसे खुले असावे याचा हा नमुनाच, आम्ही त्याला मनापासून दाद देतो. पण त्याची आखणी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांनुसार आहे. बावनथडीवर धरण बांधताना दोन राज्यांनी एकत्र बसून पाणी वाटून घेतले. बोलीच्या बाबतीत मात्र अशी बैठक कुणी बोलावत नाही. महाराष्ट्राला आम्ही परके आणि मध्यप्रदेशच्या लेखी आमची मराठी म्हणजे बिघडलेली हिंदी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा कटंगीतही पेढे वाटले गेले. त्या दर्जाबरोबर अभ्यासासाठी जो पैसा येईल, त्यातून चार माणसे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन नदीच्या या काठावरही यावीत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला तो गावच्या माणसांत बसून केला. त्या वाटेने आणखी पुष्कळ चालता येण्याजोगे आहे.

एक मागणी आम्ही आमच्याकडून ठेवतो, आणि ती पैशाची नाही. जो कुणी आमच्या गावात येऊन म्हाताऱ्यांना बोलते करील, गाणी लिहून घेईल, लग्नातले शब्द टिपील, त्याने लिहिलेल्याची एक प्रत त्या गावात ठेवावी. प्रकाशकाला हक्क देण्याआधी तेवढे एक वाक्य करारात घालून घ्यावे. अनेक नियतकालिके लेखकाला आपली मूळ प्रत विद्यापीठाच्या भांडारात मोफत ठेवू देतात, पण लेखकच विचारत नाहीत. परदेशात आता उलटी तऱ्हा निघाली आहे, वाचकाऐवजी लेखकाने पैसे भरायचे. 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकाने २०२० मध्ये त्यासाठी साडेनऊ हजार युरो असा आकडा जाहीर केला. तसल्या मोकळेपणात आमच्या भागातला मास्तर कधी लेखक व्हायचा नाही. आम्हाला हवी ती साधी सोय, लिहिणाऱ्यालाही फुकट आणि वाचणाऱ्यालाही.

त्या मुलीने पुढे काय केले ते सांगायचे राहिले. पस्तीस डॉलरचा निबंध सोडून दिला आणि ग्रिअर्सनच्या खंडातली बालाघाटची पाने छापून घरी नेली. त्या खंडांत ठिकठिकाणच्या बोलींचा नमुना म्हणून उधळ्या मुलाची बायबलातली गोष्ट दिलेली असते. नमुने गोळा केले ते जिल्ह्याच्या अंमलदारांमार्फत, म्हणजे कुठल्या तरी कारकुनाच्या लेखणीतून. मुलीने ती गोष्ट आजीला वाचून दाखवली. आजीने दोन ओळींतच थांबवले, "असा नाई म्हनत आमी." मग सगळी गोष्ट तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली, मधे मधे त्या पोराला शिव्या घालत. मुलीने ती जशीच्या तशी उतरवली, शिव्यांसकट, आणि लघुप्रबंधाला जोडली.

मार्गदर्शकांनी शिव्या काढायला लावल्या. पण मूळ प्रत तिने आमच्या कचेरीत आणून ठेवली आहे. ज्याला वाचायची असेल त्याने यावे. झेरॉक्सचे पैसे तेवढे ज्याचे त्याने द्यावेत.