कळंबच्या भिंतीवरचं गेटवे

कळंबहून समुद्र फार लांब. आमचं मोठं पाणी म्हणजे मांजरा नदी आणि धनेगावचं धरण. २०१६ साली ते धरणही कोरडंठाक पडलं आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर समुद्र आहे. डोईवर पदर घेतलेली आजी, शेजारी टोपी घातलेले आजोबा, दोघांचेही हात शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे सरळ सोडलेले, आणि मागं गेटवे ऑफ इंडियाची कमान. कमानीतून दिसतो पाण्याचा एक करडा तुकडा.

कुणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेलं असतं आणि परतीच्या आधी गेटवे पाहून आलेलं असतं. कुणी टाटा हॉस्पिटलात पेशंट घेऊन गेलेलं, कुणी मंत्रालयात कागद घेऊन, कुणी मोर्च्यात. २०२५ च्या ऑगस्टअखेरीला मराठा आरक्षणासाठी आपल्या भागातली माणसं आझाद मैदानावर गेली, त्यांतल्याही काहींनी जाता जाता समुद्र पाहून घेतला. मुंबईला जाण्याचं कारण बहुतेक वेळा दुःखाचं किंवा कामाचं. फोटो मात्र सगळ्यांचा तोच.

दिवाळी अंकाच्या संपादकांना ‘आपल्या गावाचा फोटोग्राफर’ असा लेख हवा होता. मी आधी कळंबच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. तिथले दादा म्हणाले, “आमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे चांगले फोटो मी काढलेले नाहीत. ते मुंबईत निघालेत. माझ्याकडं फक्त मोठे करायला येतात.” त्या एका वाक्यामुळं मी रात्रीची गाडी धरली.

गेटवेचा अधिकृत इतिहास पाटीवर मावतो. १९११ साली पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले, त्याची ही आठवण. पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट, पिवळसर बेसॉल्टची सव्वीस मीटर उंच कमान, आणि ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली. आमचा कळंब त्या दिवशी अजून निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर उजाडायला अवकाश होता. मुंबईच्या फोटोग्राफीचा इतिहासही पुस्तकांत आहे. १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत, आणि निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांचाही पुढं मुंबईत स्टुडिओ झाला. पण कमानीसमोरच्या फरशीवर उभं राहून देशाच्या कानाकोपऱ्यातल्या माणसांचे फोटो काढणाऱ्यांची नोंद मला कुठल्याच पाटीवर सापडली नाही. ती माणसं आजही तिथं आहेत. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर जड बॅग आणि हातात नमुन्याच्या फोटोंचा कडा झिजलेला अल्बम.

त्यांतल्या एका काकांपाशी मी थांबलो. साठीकडं झुकलेले, उन्हानं रापलेले. त्यांनी आधी गाव विचारलं. मी कळंब म्हटल्यावर म्हणाले, “कुठलं? यवतमाळचं का उस्मानाबादचं?”

मुंबईत हा प्रश्न विचारणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. त्यांना ठाऊक असण्याचं कारण सरळ आहे. रोलच्या जमान्यात फोटो लगेच मिळत नसे. पैसे आगाऊ घ्यायचे, पत्ता लिहून घ्यायचा, रोल संपला की धुवायला टाकायचा आणि प्रिंट पोस्टानं घरी पाठवायची. काकांची त्या काळची एक वही अजून जपलेली आहे. एका रकान्यात रोलचा नंबर, दुसऱ्यात फ्रेमचा, तिसऱ्यात पत्ता. मु. पो., तालुका, जिल्हा. गिऱ्हाइकाला लिहिता येत नसेल तर ते स्वतः लिहायचे, आणि जिल्हा विचारल्याशिवाय कुणाला सोडायचे नाहीत, कारण एका नावाची गावं महाराष्ट्रात ढिगानं. खुणेसाठी शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘हिरवं लुगडं’, ‘दोन मुली, एक कडेवर’ असं काहीबाही. पाकिटात फोटो दुमडू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा. रोल वाया गेला तर मनीऑर्डरनं पैसे परत.

मी ती वही बराच वेळ चाळली. अनोळखी माणसाच्या हातात पैसे देऊन एसटीत बसायचं आणि काही आठवड्यांनी पोस्टमननं घरी फोटो आणून द्यायचा, हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला. दोन्ही बाजूंनी पाळलेला शब्द हेच त्याचं भांडवल होतं.

मधल्या काळात काहींनी पोलरॉइड घेतला. फोटो हातोहात मिळे, पण फिल्म महाग. २००८ मध्ये पोलरॉइड कंपनीनं ती फिल्म बनवणंच थांबवलं. तोवर डिजिटल कॅमेरा आला होता आणि त्याच्या जोडीला बॅगेत मावणारा, बॅटरीवर चालणारा प्रिंटर. मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो या प्रिंटरशेजारी.

काकांचा प्रिंटर शाईचा नाही, रिबनचा आहे. आत पातळ प्लास्टिकची गुंडाळी असते आणि तिच्यावर रंगांचे पट्टे ओळीनं येतात: पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी एक पारदर्शक. उष्णता लागली की रंगाची वाफ होते आणि ती कागदात मुरते. एका वेळी एकच रंग चढतो, म्हणून कागद चार वेळा आत-बाहेर करतो. पहिल्या फेरीत आजीबाई नुसत्या पिवळ्या उमटतात, दुसऱ्या फेरीत तांबूस होतात, तिसऱ्यात निळा चढला की लुगड्याचा खरा रंग, कमानीचा दगड, कपाळाचं कुंकू सगळं जागेवर येतं. चौथ्या फेरीत वरून संरक्षक थर बसतो, त्यामुळं बोटांचे डाग आणि पाणी लगेच लागत नाही. हे सगळं मिनिटाभरात होतं, आणि ज्यांचा फोटो असतो ती माणसं वाकून बघत राहतात. तेवढ्या मिनिटात काका कुणाशी बोलत नाहीत. समुद्रावरचा वारा अर्धवट बाहेर आलेल्या कागदाला हिसका देतो, म्हणून ते पाठ वाऱ्याकडं करतात आणि बॅगेचं झाकण आडोशाला धरतात. धुळीचा एक कण आत गेला तरी चेहऱ्यावर पांढरा ठिपका येतो. मग ती प्रिंट गेली.

आणि प्रिंट गेली म्हणजे नुसता कागद गेला असं नाही. रिबन आणि कागद मोजून एकत्र मिळतात. फोटो बिघडला तरी तेवढी रिबन संपते. गिऱ्हाईक प्रिंट बघून “नको” म्हणालं तरी संपते. म्हणून काका शटर दाबण्याआधी माणसाला नीट उभं करण्यात वेळ घालवतात. बाकीचे फोटोग्राफर तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलेले असतात.

वापरलेल्या रिबनची एक गोष्ट त्यांनी दाखवली. ती उलगडून उजेडात धरली की प्रत्येक पट्ट्यावर फोटोची उलटी छाया दिसते. जेवढा रंग कागदावर गेला तेवढी जागा फिकी, बाकी गडद. दिवसभराचे सगळे चेहरे एकापाठोपाठ एक. काका ही रिबन कचऱ्यात तशीच टाकत नाहीत, कात्रीनं बारीक तुकडे करतात. “लेकीबाळींचे फोटो असतात,” एवढंच म्हणाले. कुठल्याही कायद्यानं त्यांना हे सांगितलेलं नाही.

उजेडाचं त्यांचं गणित ऐकण्यासारखं आहे. चौकाच्या पूर्वेला गेटवे आणि समुद्र, पश्चिमेला ताज हॉटेल. ताज मागं घ्यायचं तर माणसाचं तोंड पूर्वेला, म्हणजे फोटो सकाळचा. गेटवे मागं घ्यायचं तर तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचा. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात, तेव्हा दिवसाउजेडीही फ्लॅश मारायचा. पदराच्या सावलीतला चेहरा त्याशिवाय उजळत नाही. गावाकडच्या बायका पदर मागं घेत नाहीत आणि काका तसं सांगतही नाहीत. त्याऐवजी ते स्वतः गुडघ्यावर बसून खालून कॅमेरा धरतात. चिमटीत ताजचा घुमट पकडल्यासारखे फोटो पोरं मागतात, तेही काढून देतात. पण त्यांचा जीव रमतो तो सरळ उभ्या माणसांत.

पावसाळा या धंद्याचा वैरी. खारी दमट हवा लेन्सच्या आत शिरते आणि काचेवर बुरशी धरते. रिबनचा कागदही दमटपणानं चिकटतो. घारापुरीच्या लाँचला त्या दिवसांत गर्दी नसते, आणि एरवीही सोमवारी तिथली लेणी बंद, म्हणून सोमवार मंदीचा.

परत आल्यावर पुन्हा स्टुडिओतल्या दादांकडं गेलो, कारण काकांनी काढलेल्या फोटोचं पुढं काय होतं ते फक्त इथंच कळतं. घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा नाहीतर पुतण्या फोटो घेऊन येतो. दशक्रियेच्या आत फ्रेम हवी असते आणि चौकात लावायला भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्सही. दादा विचारतात, एकट्याचा आहे का? नसतो. आधार कार्डाचा फोटो ओळखू येत नाही. मोबाईलमध्ये लग्नातली गर्दी असते, त्यात चेहरा हरभऱ्याएवढा. नातवानं काढलेली सेल्फी असते, पण हातभर अंतरावरून घेतलेली, त्यामुळं नाक मोठं आणि कान मागं गेलेले. वर ती दहा ठिकाणी फॉरवर्ड होऊन बारीक झालेली. मग कुणाला तरी आठवतं आणि भिंतीवरचा गेटवेचा फोटो खिळ्यावरून उतरतो.

दादा तो स्कॅन करतात. आजोबांना अलगद कापून घेतात, कमान काढतात, समुद्र काढतात, मागं निळसर रंग भरतात. खांद्याशी आजीचा पदर आलेला असतो, तो पुसून तिथं सदरा ओढून घेतात. चेहऱ्याला मात्र हात लावत नाहीत. “त्यानं उजेड बरोबर घेतलेला असतो,” म्हणाले. ज्या माणसाला दादांनी कधी पाहिलं नाही, त्याच्या कामाची एवढी कदर मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात क्वचित पाहिली. मुंबईच्या फरशीवर एक जण चेहरा टिपतो आणि वीस वर्षांनी कळंबमध्ये दुसरा त्याला हार घालण्याजोगा करतो. आमच्याकडच्या साध्या माणसाचं चित्ररूप या दोघांनी मिळून सांभाळलं आहे. मला हे काम कुठल्याही संग्रहालयाइतकं मोलाचं वाटतं.

आता ते सुटत चाललंय. मोबाईल हे पहिलं कारण, ते सगळ्यांना दिसतं. गिऱ्हाईक काकांच्याच हातात आपला फोन देतं आणि म्हणतं, “एक काढा ना.” ते काढतात, पैसे मागता येत नाहीत. काही जण कॅमेऱ्यानं फोटो काढून घेतात, पण प्रिंट नको म्हणतात, मोबाईलमध्येच टाकून मागतात. त्याचे थोडे पैसे मिळतात, पण प्रिंट होत नाही. प्रिंट नसेल तर भिंतीवर काही लागत नाही, आणि उद्या फोन फुटला की चेहराही गेला.

पण मोबाईलआधीही घाव बसले होते. २५ ऑगस्ट २००३ ला गेटवेजवळ टॅक्सीत बॉम्बस्फोट झाला. २६ नोव्हेंबर २००८ ला ताजवर हल्ला झाला. त्यानंतर कठडे, तपासणी, बंदोबस्त आले. सुरक्षितता हवीच, त्याबद्दल दुमत नाही. मात्र व्हीआयपी येणार म्हणून चौक रिकामा केला की त्या दिवसाची मजुरी बुडते आणि ती कुणी भरून देत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चौक महिनोन्महिने बंद राहिला. बिनगर्दीचं गेटवे वर्तमानपत्रांत छापून आलं, लोकांनी सुंदर म्हटलं. काकांनी त्या काळात कॅमेरा विकायला काढला होता, घेणारा मिळाला नाही म्हणून राहिला.

पुढची काळजी जेट्टीची आहे. रेडिओ क्लबजवळ नव्या प्रवासी जेट्टीचं काम हाती घेतलं गेलं आहे. तिथल्या रहिवाशांचा विरोध होता, पण २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अटींसह तिला वाट मोकळी करून दिली. लाँचची वाहतूक गेटवेवरून तिकडं नेण्याचा विचार आहे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेनं बुडाली आणि माणसं गेली, ते आठवलं की बोटीत चढण्या-उतरण्याची सोय चांगली व्हायलाच हवी असं कुणीही म्हणेल. मीही म्हणतो. पण लाँचची वाट बघत थांबलेली माणसं हे या फोटोग्राफरांचं हक्काचं गिऱ्हाईक. ती माणसं दुसरीकडून चढली-उतरली तर चौकात फक्त घाईत सेल्फी काढून निघणारे राहतील. नव्या जेट्टीच्या आराखड्यात वाहनतळ, प्रतीक्षागृह या गोष्टींची चर्चा झाली. फोटोग्राफरांच्या उभं राहण्याच्या जागेची चर्चा मी ऐकली नाही.

२०१४ चा पथविक्रेता कायदा वस्तू विकणाऱ्यांपुरता नाही, रस्त्यावर लोकांना सेवा देणाऱ्यांनाही तो धरतो. फोटो काढून देणं ही सेवा नाही तर काय आहे? या माणसांची रीतसर नोंद व्हावी, त्यांना चौकात आणि नव्या जेट्टीवर हक्काची जागा मिळावी आणि त्यांच्या जुन्या वह्या एखाद्या संस्थेनं सांभाळाव्यात. त्या वह्यांत अर्ध्या महाराष्ट्राचे पत्ते आहेत. काकांच्या मुलानं हा धंदा घेतलेला नाही, त्यामुळं निदान त्यांची वही तरी फार काळ वाट पाहू शकणार नाही.

कळंबकरांना माझं एवढंच सांगणं आहे. मुंबईला जाल तेव्हा मोबाईलनं हवे तेवढे फोटो काढा, पण एक प्रिंट तिथं उभ्या असलेल्या माणसाकडून घ्या. गटाचा नको, घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा एकट्याचा घ्या, आणि शक्यतो दुपारनंतर, कमान मागं ठेवून. पैशांत घासाघीस करू नका. घरी आल्यावर फोटोच्या मागं नाव, गाव आणि तारीख लिहा.

गावाच्या नावापुढं जिल्हाही लिहा.