उदरातील उष्ण औषध : समज आणि प्रमाण

मोठ्या आतड्याचा कर्करोग उदराच्या आतील अस्तरावर पसरला असता शल्यचिकित्सक दिसेल ती प्रत्येक गाठ काढतात, आणि त्यानंतर काही रुग्णांच्या पोटात ४१ ते ४३ अंश सेल्सियसपर्यंत तापविलेले औषध अर्धा ते दीड तास फिरविले जाते. या तापविलेल्या औषधाच्या उपचाराला ‘हायपेक’ म्हणतात. हा सारा खटाटोप पार पडल्यावर रोगाचे समूळ उच्चाटन झालेच, असे आप्तेष्टांनी गृहीत धरावे हे स्वाभाविक असले, तरी वस्तुस्थिती तशी नाही. औषध गाठीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरते. त्याहून मोठ्या अवशेषापुढे त्याची मात्रा चालत नाही, आणि रक्तावाटे यकृताकडे वा फुप्फुसाकडे आधीच रवाना झालेल्या पेशींचा बंदोबस्त करणे हे त्याचे कामच नव्हे.

मग आयुष्य वाढते ते सुरीने की औषधाने? २००३ साली ॲमस्टरडॅमच्या १०५ रुग्णांच्या चाचणीने हायपेकचा बोलबाला केला खरा, परंतु तेथे शस्त्रक्रिया व उष्ण औषध ही दोन्ही एकाच पारड्यात असल्यामुळे श्रेय कोणाचे, हा खटला अनिर्णीतच राहिला. त्याचा निकाल फ्रान्समधील १७ केंद्रांच्या चाचणीने दिला. तेथे २६५ रुग्णांवर सारखीच शस्त्रक्रिया करून सुमारे निम्म्यांनाच ऑक्झालिप्लॅटिनचे उष्ण औषध दिले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार मध्यम आयुर्मान औषध मिळालेल्यांत ४१.७ महिने, तर न मिळालेल्यांत ४१.२ महिने भरले, आणि दोन महिन्यांच्या टप्प्यावरील गंभीर उपद्रव मात्र पहिल्या गटात अधिक आढळले. हा निकाल एका औषधापुरता व तेथे ते फिरविलेल्या अर्ध्या तासापुरता आहे, ही हायपेकच्या पुरस्कर्त्यांची तक्रार मला रास्त वाटते. तथापि काळजीपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेचे माहात्म्य त्याने अधोरेखित केले.

त्याच चाचणीत दोन्ही गटांतील निम्म्या रुग्णांना साधारण वर्षभरातच रोगाने पुन्हा गाठले. म्हणून रोग उलटला की शल्यचिकित्सकाच्या हलगर्जीपणावर, ‘शस्त्र लागले म्हणून चेतला’ या जुन्या समजुतीपोटी शस्त्रक्रियेवर किंवा घरच्या जेवणावर ठपका ठेवणे अन्यायाचे होय. सीटी स्कॅन निर्मळ आला म्हणजे पोट निर्मळ, हेही खरे नव्हे, कारण काही मिलिमीटरांच्या गाठी त्यात उमटतच नाहीत. यास्तव रक्तातील ‘सीईए’ या कर्करोगसूचक घटकाची तपासणी आणि ठरावीक मुदतीचे स्कॅन चालू ठेवावे लागतात. आणि पुनरुद्भव म्हणजे सर्वस्वी आशा संपली, असेही नाही : तो यकृतात वा फुप्फुसात मर्यादित असल्यास निवडक रुग्णांत तो भाग काढता येतो, क्वचित पोटाची शस्त्रक्रियाही दुसऱ्यांदा केली जाते, आणि अन्यथा शिरेवाटे द्यावयाच्या औषधांचा मार्ग बहुधा मोकळा असतो.