पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. ओट्यावर सतरंजी, तिच्यावर चौदा-पंधरा बाया आणि मधोमध हिरवा रंग उडालेली पत्र्याची पेटी. सगळ्या जमल्या तरी पेटी बंदच. कुणाची वाट बघताय, असं विचारलं तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "पेटी माह्या घरी राहते भाऊ, चाबी खालच्या वेटाळात. चाबीवाली आल्याबिगर उघडत नाही."

मला एकदम आठवली ती साता समुद्रापलीकडची लाकडी पेटी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गावोगावी मजूर, विणकर, सुतार यांची परस्पर मदतमंडळं होती. दर महिन्याला ठरलेली वर्गणी भरायची. आजारी पडलं तर मंडळ आठवड्याला खर्ची देणार, मेलं तर मातीचा खर्च करणार. 1793 साली तिथल्या संसदेनं या मंडळांसाठी कायदाही केला. त्यांची रोकड जड लाकडी पेटीत असे आणि पुष्कळ मंडळांच्या पेटीला तीन कुलपं असत. तिन्ही चाव्या तिघांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय झाकण उचलायचंच नाही. आज त्या पेट्या पुराणवस्तू म्हणून जपल्या जातात. मंगरूळपीरच्या या बाईनं त्यांतली एकही पाहिलेली नाही. तरी पैसा चौघांचा झाला की तो एकाच्या हाती ठेवायचा नाही, ही युक्ती तिलाही सुचली आणि त्यांनाही.

या मंडळांच्या जुन्या वस्तू पाहताना मी हरखून जातो. सॉमरसेट परगण्यातल्या मंडळांकडे उंच काठ्या असत आणि काठीच्या टोकाला पितळेचं चिन्ह. मंडळ ज्या खानावळीत जमे तिच्या पाटीवरचंच चित्र पुष्कळदा त्या पितळेत उतरलेलं असे. वर्षातून एकदा सगळे सभासद त्या काठ्या घेऊन गावातून मिरवत जात. आपल्याकडे दिंडीत पताका पाहून गाव ओळखावं, तशी तिथं काठीवरून मंडळाची ओळख पटे.

पण मला सगळ्यांत हलवून गेली ती अमेरिकेतली फीत. 1868 साली पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी जॉन अपचर्च नावाच्या रेल्वे कारागिरानं एक बंधुमंडळ काढलं. कुणी सभासद गेला की उरलेल्यांनी एकेक डॉलर द्यायचा आणि ती रक्कम त्याच्या घरी पोचवायची. अशा मंडळांची छातीवर लावायची रेशमी फीत दुहेरी असे. एक बाजू लाल किंवा निळी, सोनेरी झालरीची, सणासमारंभाला लावायची. उलटली की मागची बाजू काळी, तिच्यावर रुपेरी अक्षरांत ‘स्मरणार्थ’. सोबत्याच्या अंत्ययात्रेला तीच फीत पालथी करून लावायची. आनंदात ज्याच्या शेजारी उभे राहिलो, त्याच्या मरणातही उभे राहू, हा शब्द त्यांनी कापडात विणून ठेवला होता.

हे सगळं तिकडचं, असं मात्र समजू नका. याहून कितीतरी जुनी वस्तू आपल्या महाराष्ट्रात आहे, आणि ती साक्षात दगडात आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ इसवी सनाचं दुसरं शतक. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. 2000 एकीकडे, दरमहा शेकडा एक दरानं. 1000 दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून लेण्यात पावसाळाभर वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं, चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

हिशोब करून पाहा. 2000 वर महिन्याला शेकडा एक म्हणजे 20, वर्षाचे 240. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही 240. एका पैचा फरक नाही! लेखातला प्राकृत शब्द तर थेट आपल्या घरातला वाटतो: ‘पायून’, म्हणजे आपलं पाऊण. आणि व्याज महिन्याला शेकड्यावर मोजायची ती रीत आमच्याकडच्या बचत गटांत आजही जशीच्या तशी आहे. कर्ज कितीनं, असं विचारा, ‘शेकडा दोन’ असं उत्तर येईल आणि महिन्याचं हे वेगळं सांगावं लागत नाही. ठेव निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून फलकावर नोंदवली, हेही लेखात आहे. आमच्या गटांतही तेच: बैठकीत मोठ्यानं हिशोब वाचून दाखवायचा, मग वहीत चढवायचा.

त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला. ठेव ठेवणारी विष्णुदत्ता नावाची उपासिका. तिनं पैसे ठेवले ते कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे, आणि कशासाठी, तर आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. पंडित लोक उषवदाताचं नाव जास्त घेतात. मला विष्णुदत्ता मोठी वाटते.

आमच्याकडे बचत गट फोफावले ते नाबार्डनं 1992 साली ते बँकेशी जोडायला घेतल्यावर. दहा ते वीस बाया, ठरलेली बचत, आपसांत कर्ज. त्या पहिल्या वर्षांच्या वह्या, अंगठ्यांच्या निळ्या ठशांची पासबुकं, झिजलेले रबरी शिक्के आता रद्दीत जाताहेत, वाळवी खाते आहे. ते पाहून जीव तुटतो. इंग्लंडमधली तीन कुलपांची पेटी जपण्यालायक असेल, तर ही का नाही?

त्या दिवशी चावीवाली उशिरा आली, शेतातून, हातापायाला चिखल. पेटी उघडली. तळाशी लाल फडक्यात गटाची पहिली वही होती, कोपरे कुरतडलेली. मी मागितली तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग दिली. रकाने आखलेले: नाव, रक्कम, कारण. कारणाच्या रकान्यात बियाणं, शाळेची फी, आणि पानामागून पान एकच शब्द, वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरांत: दवाखाना.