आधी प्लास्टिक ओळखा, मग गोंद निवडा

जालना तालुक्यातलं कडवंची शेततळ्यांसाठी आणि द्राक्षबागांसाठी ओळखलं जातं. तिथल्या शेतकऱ्याला पीव्हीसीचा पाइप जोडायचा असेल तर तो सोल्युशन लावतो. ठिबकची काळी नळी तुटली की मात्र जॉइनर बसवतो. तिला सोल्युशन लावून बघण्याच्या भानगडीत पडत नाही. घरात पोराच्या गाडीचं चाक निखळलं की हे शहाणपण आपण सगळेच विसरतो. हाताला लागेल तो गोंद लावायचा आणि चाक पुन्हा गळालं की त्याच गोंदाला शिव्या घालायच्या.

पाइपचं सोल्युशन चिकटवत नाही, विरघळवतं. त्यातले टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन यांसारखे द्रावक दोन्ही पृष्ठभाग मऊ करतात, रेणूंच्या लांब साखळ्या ओल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. सुटे भाग जोडून बनवायच्या हौशी मॉडेल गाड्यांचं तंत्रही हेच, फक्त प्लास्टिक वेगळं: पॉलिस्टायरीन. थर्मोकोल म्हणजे त्याचंच फुगवलेलं रूप. मखर रंगवताना स्प्रेखाली थर्मोकोल विरघळलेला पाहिला असेल, तर मॉडेलचा गोंद कसा काम करतो हे तुम्ही पाहिलंच आहे. ब्युटॅनोन किंवा ब्युटिल अ‍ॅसिटेट असलेला हा पातळ गोंद ब्रशने फटीला टेकवला की आपोआप आत ओढला जातो. रात्रभर हात लावू नये. पाइपचं सोल्युशन इथे वापरणं हा आगाऊपणा ठरतो, कारण पातळ मडगार्ड त्याने वितळून वाकडंच होतं.

ठिबकची नळी पॉलिएथिलीनची असते. राजूरच्या जत्रेत मिळते तसली स्वस्त गाडी पुष्कळदा पॉलिप्रोपिलीनची. या दोन्हींना हे द्रावक नेहमीच्या तापमानाला विरघळवू शकत नाहीत, आणि त्यांची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की गोंद नीट पसरतच नाही. वाळला की खपलीसारखा निघून येतो.

ओळखायचं कसं? तुटलेला कपचा पाण्यात बुडवा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटका. वर आला तर याच दोघांपैकी एक, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी असते. बुडाला तर विरघळेल तितकं मीठ घाला. पॉलिस्टायरीन आणि एबीएस हे टणक प्लास्टिक या खारट पाण्यात तरंगतात, कडक पीव्हीसी तळालाच राहतं. रंगाचा जाड थर असेल तर आधी खरवडून घ्यावा.

एबीएसच्या गाडीला फेविक्विकच्या जातीचा गोंद, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, चांगला चालतो. १९४२ मध्ये कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन सगळ्यालाच चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. १९५१ मध्ये त्याचा गुण लक्षात आला आणि १९५८ मध्ये ते बाजारात आलं. हा गोंद हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. त्यामुळे मराठवाड्यातल्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो. एका बाजूवर तोंडाची वाफ सोडून मग दुसरी दाबली की काम लवकर होतं. थेंब एकच, पातळ. गाडीच्या काचेला मात्र तो लावू नये, कारण त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल बरा. आणि सांडलेला गोंद पुसायला कापूस घेऊ नका. कापसाशी त्याची क्रिया इतकी उष्णता सोडते की धूर निघतो, बोट भाजतं. कापसाच्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगायला हवं.

धातूच्या गाडीचा तळ सुटला असेल तर दोन नळ्यांतला इपॉक्सी घ्यावा. तरंगणाऱ्या प्लास्टिकसाठी खास प्रायमरसह मिळणारा सायनोअ‍ॅक्रिलेट असतो. तो मिळाला नाही तर गोंदाचा नाद सोडून ठिबकवाल्याचीच रीत धरावी: तापलेल्या सुईने दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने आवळायचं.