कवायतीचा हुकूम कोणत्या भाषेत?

"दाहिने मूड!" पहिली-दुसरीची मुले रांगेत उभी. निम्मी उजवीकडे वळली, काही डावीकडे, आणि एक पोरगा जागेवरच राहिला. "ढ आहे हो, वस्तीवरचा," असे गुरुजी आमच्याकडे पाहून म्हणाले. देगलूरकडच्या त्या शाळेत आम्ही पाहुणे होतो, म्हणून गप्प बसलो. आता बोलतो.

त्या पोराच्या घरात तेलुगू बोलतात. वर्गात मराठी आणि मैदानावर हिंदी हुकूम! किनवट-माहूरकडे गोंडी, कोलामी, गोरमाटी आहे, उदगीरकडे कन्नड आहे. सहा वर्षांच्या लेकराला मराठीतले उजवे-डावेसुद्धा पक्के नसते. 'जेवायचा हात' म्हटले की बहुतेकांना कळते. डावखुऱ्याचे मात्र त्यानेही चुकेल, म्हणून उजव्या मनगटाला फीत बांधावी. ती निळीच असावी असा आमचा हट्ट नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाच्या मानसिक छळाला मनाई करते. चारचौघांत 'ढ' म्हणणे हा छळ नव्हे तर काय? कलम २९ सांगते की शिकवण्याचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी. मैदान काय शाळेच्या बाहेर आहे? पण सारा दोष गुरुजींचाही नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीलाच आहे, तोही विद्यार्थी शंभराहून जास्त असतील तर. लहान वर्गांना कवायत शिकवतो तो वर्गशिक्षक, आणि हुकूम कसा द्यावा हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

शिकायला फारसे अवघडही नाही. गुरुजींनी मुलांसमोर तोंड करून उजवा हात वर केला की मुले आरशासारखा डावा वर करतात. म्हणून मुलांकडे पाठ करून दाखवावे. आधी दाखवावे, मग सांगावे, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ऊन मुलांच्या डोळ्यांवर नको, आपल्या डोळ्यांवर घ्यावे. मुले पळत असताना ओरडण्यात अर्थ नसतो. शिटी वाजवून थांबवावे, शांत झाल्यावर बोलावे. "पळू नका" म्हणण्यापेक्षा "रेघेपर्यंत चालत जा" म्हणावे. आणि "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नये. "हो गुरुजीऽऽ" असे सारे एका सुरात म्हणतात, त्यात न समजलेलेच मोठ्याने! त्याऐवजी एखाद्या मुलाला "तू करून दाखव" म्हणावे.

'दाहिने' आणि 'मूड' यांच्यामध्ये जी थांबण्याची जागा आहे, ती मात्र जपण्यासारखी आहे. पहिल्या शब्दाने काय करायचे ते कळते, दुसऱ्याने करायचे. मराठीत, गोरमाटीत, कोणत्याही बोलीत ती ठेवता येते.

दुसऱ्यांना सांगताना आपले पाहू. आपल्या विहारांतल्या बालशिबिरांतही आम्ही हेच मोठ्यांचे हुकूम पोरांवर सोडतो आणि चुकले की हसतो. समता सैनिक दलाच्या तरुणाला ते शोभतात. बालवाडीतून नुकत्याच आलेल्या पोरीला त्यातले काय कळणार? नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी येत्या शिबिरात पहिल्या दिवशी "उजवीकडे... वळ!" म्हणून पाहावे, आणि किती पोरे चुकली ते मोजून आम्हाला कळवावे.