अंडे आणि विश्वास

चंडीगडच्या सुखना सरोवरातील पाळीव हंस डिसेंबर २०१४ मध्ये मृत्युमुखी पडले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि उरलेले हंसही नष्ट करावे लागले. महाराष्ट्राने हे संकट फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला अनुभवले होते. देशातील तो पहिला उद्रेक. त्या वेळी अंड्यांची मागणी रोग न पोहोचलेल्या गावांतही कोसळली आणि रिझर्व्ह बँकेला कुक्कुटपालकांसाठी कर्जफेडीच्या सवलती जाहीर कराव्या लागल्या.

भीतीवर खरा उतारा माहितीचाच. चंडीगड येथील केंद्रीय कुक्कुट विकास संघटना सुधारित पिल्लांबरोबर कुक्कुटपालनाचे प्रशिक्षणही देते. शेडच्या दाराशी जंतुनाशक, नव्या पक्ष्यांचे विलगीकरण आणि रानपक्ष्यांना मज्जाव ही पथ्ये खर्चिक नाहीत. ग्राहकाने तडकलेले अंडे टाळावे, बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे आणि कच्चे अंडे हाताळल्यावर हात धुवावेत. ७० अंश सेल्सिअस तापमानात हा विषाणू टिकत नाही.

कुक्कुटपालनाचा कर्जप्रस्ताव तपासताना आपणही शेड व खाद्याच्या खर्चाबरोबर या पथ्यांची तरतूद आहे का, हे अवश्य विचारावे. शेड तारण घेता येते. ग्राहकाचा विश्वास मात्र रोज नव्याने कमवावा लागतो.