हप्ता चुकवू नये

बँकेत ३४ वर्षे मी थकीत खाती तपासली. स्वतःच्या देहाच्या खात्याकडे मात्र दुर्लक्ष केले. मधुमेही असूनही, कोलेस्टेरॉल आटोक्यात आलेले पाहून स्टॅटिनची गोळी परस्पर बंद केली. तीन महिन्यांत एलडीएल ८८ वरून १५२ वर गेले. फॅमिली डॉक्टर म्हणाले, “साहेब, हप्ते जात होते म्हणूनच खाते नियमित होते.”

मधुमेहात हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून साखरेइतकेच एलडीएलकडेही लक्ष हवे. एचबीए१सी चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविते. बहुतेकांसाठी ती ७ टक्क्यांखाली असणे इष्ट.

पर्युषणात पच्चक्खाण घेण्यापूर्वीही औषधांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. इन्सुलिन वा काही गोळ्या उपवासात नेहमीप्रमाणे घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. यंदा मी आधी दवाखान्यात गेलो, मग उपाश्रयात.